बत्तीस नंबर आणि शेजारची मोकळी जागा

मित्रांनो, मी बाक आहे, पण माझ्यावर बसायला मनाई आहे. घरी पाहुणे आले की मला पुढे ओढतात. ते बूड टेकणार, तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडतं, "अहो, तो बसायचा नाही, गुडघ्यांचा आहे!" मग पाहुणे माझ्याकडे असं बघतात, जसा काही मीच त्यांचा अपमान केला. मी गुडघे टेकून प्रार्थना करायचा बाक आहे. माझी उंची एक वीत, पाय चार. त्यातले सारखे तीन.

माझा जन्म बसमध्ये झाला. त्याआधी मी झाड होतो असं ऐकतो, पण मला ते आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या गोष्टींचा मोठेपणा मी मिरवत नाही. मी मागच्या चाकावरची, दोन माणसांची लाकडी सीट होतो. माझ्या पुढच्या कडेवर पांढऱ्या रंगात डावीकडे ३२ आणि उजवीकडे ३३ असे आकडे होते. ते अजून आहेत. मागच्या चाकावर बसलेला माणूस पहिल्या खड्ड्याला चालकाचं नाव काढतो आणि तिसऱ्या खड्ड्याला देवाचं. माझं सगळं धर्मशिक्षण तिथेच झालं.

तिथे मी आणखी एक गोष्ट शिकलो. बत्तीसवर बसलेला माणूस ऐसपैस पसरलेला असायचा. कोणी उभं दिसलं की तो म्हणायचा, "या, बसा," आणि जरा सरकायचा. मित्रांनो, हे जरा सरकणं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एकोणीस वर्षांनी आमची बस मोडीत निघाली. इंजिन एकीकडे गेलं, पत्रे दुसरीकडे गेले आणि मी आगाराच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आयुष्यभर लोकांना बसवलं आणि शेवटी मलाच उभं राहावं लागलं. तिथून ताईंनी मला उचललं.

ताई आगारात गाड्यांची घोषणा करायच्या. "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे!" हे वाक्य त्या अशा काही म्हणायच्या, की फलाट क्रमांक नऊवरची माणसंही पळत सुटायची. एकदा त्यांचा माइक तीन दिवस बंद होता. कोणालाच कळलं नाही, ताईंनाही नाही. चालक-वाहक त्यांना भोंगाताई म्हणत आणि ताईंना ते कौतुक वाटे. ते कौतुकच होतं.

ताई प्रभू येशूच्या भक्त. रोज सकाळी गुडघे टेकल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत. पण फरशीवर त्यांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून आगारातल्या मिस्त्रीने मला थोडं कापून, पाय लावून, माझा बाक करून दिला. तेहतीसखालचा पुढचा पाय किंचित आखूड झाला. त्यामुळे उजव्या बाजूवर भार पडला की तो जमिनीला टेकतो आणि मी "कुंईं" असा आवाज करतो.

"हा कुरकुरतोय," ताई म्हणाल्या.

"नवीन नोकरी आहे त्याची," मिस्त्री म्हणाला. "आठवड्यात सरावेल."

मी अजून सरावलेलो नाही.

ताईंची प्रार्थना म्हणजे घोषणाच असायची. माझ्या मधोमध धाडकन गुडघे टेकायचे, मी कुंईं करायचो आणि त्या सुरू व्हायच्या. "प्रभू येशू, कृपया इकडे लक्ष दे! सासूबाईंचा उजवा गुडघा. सासूबाईंचा डावा गुडघा. ह्यांचा खोकला. मागच्या गल्लीतल्या बाळंतिणीची सुटका. पुन्हा एकदा सांगते, सासूबाईंचा उजवा गुडघा..." सगळं दोनदा, न चुकता. मग "धन्यवाद, आमेन!" आणि ताडकन उभ्या. प्रभूला काही बोलायचं असलं तरी तो सावरून बसेपर्यंत गाडी सुटलेली असायची.

तरी त्यांची श्रद्धा खरी होती, याला मी साक्षी आहे. लाकडाला वजनातलं कळतं. खोटे गुडघे हलके लागतात.

ताईंचे यजमान घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते घड्याळं दुरुस्त करायचे. स्वभावाने इतके सौम्य, की लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्यांचं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. "मला वाटतं की आपण..." इथपर्यंत ते यायचे. पुढचं ताई सांगायच्या. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. अख्ख्या जगात त्यांना एकच आवाज पोचायचा आणि तो सुनेचा.

दर रविवारी घड्याळजी मला काखेत मारून उपासनेला न्यायचे, कारण चर्चची फरशी दगडी. तिथे ना पेटी, ना ऑर्गन. पाळकसाहेब नुसतं म्हणायचे, "आपण प्रभूपुढे येऊ या," की ताई पहिली ओळ उचलायच्या आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून गायला लागायची. वीस वर्षं असंच चालू होतं. दुसऱ्या कोणी सुरुवात करायची असते, हेच मंडळी विसरली होती.

आणि एका हिवाळ्यात ताईंचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली, साधीच निघाली, पण चिवट होती. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज येईल की नाही, ते त्यानंतर कळेल."

ताई गळ्यात पाटी अडकवून घरी आल्या.

"सूनबाई, रुसलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

ताईंनी पाटीवर लिहिलं, 'बोलायला बंदी आहे.'

सासूबाईंनी चष्म्याशिवाय पाटी दूर धरून पाहिली. "अंडी? कालच तर आणली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्यापाशी आल्या, गुडघे टेकले, तोंड उघडलं, मिटलं आणि उठल्या. पाटीवर लिहिलेलं त्यांनी घड्याळजींना दाखवलं, 'ज्या आवाजाने त्याची स्तुती केली, तोच त्याने काढून घेतला. आता मी काय सांगू आणि कशाने?'

"मला वाटतं की तो..." घड्याळजी म्हणाले आणि सवयीने थांबले. पुढचं सांगायला कोणी नव्हतं.

त्यानंतर ताई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. माझे वाईट दिवस आले. आधी माझ्यावर कुंडी ठेवली. मग दुरुस्तीला आलेली सात गजराची घड्याळं ठेवली. ती सातही वेगवेगळ्या वेळी वाजायची. शेवटी सासूबाई माझ्यावर पाय ठेवून मोजे विणायला लागल्या. तक्रार नाही, त्यांचे दोन्ही गुडघे मी नावानिशी ओळखत होतो. पण बत्तीस-तेहतीस नंबरची सीट असून आपल्यावर दोन पाय आणि एक लोकरीचा गुंडा, याचं वाईट वाटायचंच.

तिसऱ्या रविवारी घड्याळजींनी काही न बोलता मला काखेत मारलं. ताईंनी हाताने 'नको' म्हटलं. ते तरी चालू लागले, म्हणून ताईही निघाल्या.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी ताईंच्या घशासाठी मोठ्या कळकळीने प्रार्थना केली. मंडळीनेही कळकळीने आमेन म्हटलं. मग पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि वीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "आपण प्रभूपुढे येऊ या." आणि ताईंनी सुरुवात करायची वाट पाहत उभे राहिले.

सगळ्या मंडळीनेही डोळे मिटले आणि वाट पाहू लागली.

काय घोटाळा झालाय, हे एकट्या ताईंना कळलं. त्यांनी घाईघाईने पाटीवर लिहिलं, 'तुम्ही सुरू करा!' आणि पाटी उंच धरली. पण दीडशे माणसांचे डोळे मिटलेले. त्यांनी पाटी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, हलवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. शांतता वाढली तशी माणसं आणखी भक्तिभावाने डोळे मिटायला लागली. शेवटी हात दुखले म्हणून ताईंनी पाटी खाली ठेवली, आणि करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून माझ्यावर गुडघे टेकले.

मित्रांनो, आधी त्या हलायला लागल्या. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. बिनआवाजाचं हसू माझ्या चारही पायांत उतरत होतं. मग ते हसू कुठेतरी वळलं आणि थेंब पडायला लागले. माझ्या पॉलिशवर त्यांचे डाग आहेत. कोणी पुसायला आलं तर मी कुरकुरतो. मग तेही थांबलं. यादी नव्हती, 'पुन्हा एकदा सांगते' नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ताई प्रभूपुढे आल्या होत्या आणि काही सांगत नव्हत्या.

आणि मग त्या जरा सरकल्या. मधोमध टेकलेले गुडघे उचलून बत्तीसवर घेतले. तेहतीस मोकळी ठेवली. बसमध्ये कोणी उभं दिसलं की माणसं सरकतात, अगदी तशा.

अकरा मिनिटं झाली. पहिल्या रांगेतून सासूबाईंचा खणखणीत प्रश्न आला, "झालं का?"

"आमेन!" मंडळी एका आवाजात म्हणाली.

बाहेर मंडळीतल्या बेकरीवाल्याने पाळकसाहेबांचे दोन्ही हात धरले. "काय संदेश दिलात आज! थेट काळजाला भिडला." पाळकसाहेबांनी संदेश दिलाच नव्हता, वेळ संपली होती. सगळे गेल्यावर ते ताईंजवळ आले. "ताई, खरं सांगू? मी तुमची वाट बघत होतो हो."

ताईंनी पाटीवर लिहिलं, 'माहीत आहे.'

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावरची कुंडी गेली, घड्याळं गेली, मोजे गेले. रोज सकाळी ताई येऊन बत्तीसवर गुडघे टेकायच्या आणि गप्प राहायच्या. काही दिवस त्या रागावलेल्या असायच्या. तेही मला कळायचं, रागाचं वजन पुढच्या पायांवर पडतं. पण रागावून का होईना, त्या यायच्या. हळूहळू वजन स्थिर झालं. भार डावीकडे असल्यामुळे माझा आखूड पाय अधांतरीच असायचा, म्हणून मीही गप्प. महिनाभर आम्ही तिघं एकमेकांशी काही बोललो नाही, आणि कोणाचं काही अडलं नाही.

मग डॉक्टरकडे जायचा दिवस उजाडला. ताई तयार होऊन माझ्यापाशी आल्या. पदराचं टोक मुठीत होतं. मागे घड्याळजी उभे होते.

"मला वाटतं की आपण," ते म्हणाले, थांबले, भिंग खिशात ठेवलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा पुढे गेले, "आवाज येवो, न येवो, उद्यापासून दोघांनी मिळून प्रार्थना करावी. मी कुठे टेकू, ते तू दाखव."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखे बत्तीसवर गुडघे टेकले आणि डोळे मिटले. खोलीत दुसरं कोणी हललं नाही. घड्याळजी दाराशीच होते.

आणि मी "कुंईं" केलं.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला शास्त्र कळत नाही, वजन कळतं. माझा आखूड पाय तेहतीसखाली आहे आणि तिकडे भार आल्याशिवाय तो टेकत नाही. मिस्त्रीला विचाराल तर तो म्हणेल, हवेत दमटपणा असेल. असेल. पण प्रभू येशूच्या घरी सुतारकाम होतं, त्यामुळे आखूड पायाचा बाक कसा बोलतो हे त्याला चांगलं ठाऊक असणार. ताईंनी डोळे उघडले, शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि हसल्या. मुठीतला पदर सुटला. काय व्हायचं ते डॉक्टरकडे व्हायचं होतं, पण त्यांची भीती इथेच गेली.

आवाज आला, पण पूर्वीचा नाही. खालचा, खरखरीत, कोरड्या पानांवरून झाडू फिरवावा तसा. फलाटावर घोषणा करण्याजोगा तो राहिला नाही. आता ताई चौकशीच्या खिडकीत बसतात. लोकांना वाकून जवळ यावं लागतं. जवळ आली की माणसं गाडीची वेळ विचारता विचारता घरचंही सांगतात. ताई ऐकतात.

आवाज आला त्या दिवशी ताई सासूबाईंच्या अगदी कानाशी गेल्या. "आई, मी आले."

सासूबाईंनी विणकाम थांबवलं. "इतकी वर्षं घोषणा करत होतीस," त्या म्हणाल्या, "आज बोललीस."

सकाळी घड्याळजी आता ताईंच्या डाव्या हाताला, फरशीवर उशी घेऊन टेकतात; तेहतीस मोकळीच असते. रविवारी आता पहिली ओळ बेकरीवाला उचलतो. सूर चुकतो, पण मंडळी सांभाळून घेते. त्याआधी अकरा मिनिटं शांतता असते. ती सगळ्यांनी मागून घेतली. पाळकसाहेब तिची तयारी खूप करतात.

परवा मिस्त्री आला होता. म्हणाला, "पाय नीट करून देतो, कुरकुर जाईल."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "त्याला बोलू दे."

माझी आता म्हातारपणाची एवढीच विनंती आहे. घरात जुना बाक असेल तर त्याच्यावर सात गजराची घड्याळं ठेवू नका. वर्षातून एकदा त्याला तेलाचं बोट लावा, पण त्याची कुरकुर पुरती घालवू नका. आणि कधी गुडघे टेकलेत, आणि सांगायला शब्दच सापडले नाहीत, तर घाबरून उठू नका.

जरा सरका.