जहाजाच्या मापाची पेटी

मी पत्र्याची पेटी बोलते आहे. अकोल्यात पेट्या हजारो झाल्या असतील. जहाजाच्या मापाने बेतलेली बहुधा मी एकटीच. लांबी अडीच फूट, रुंदी दीड फूट आणि उंची मुद्दाम कमी राखलेली. ही उंची मला घडवणाऱ्या उस्मानने ठरवली नाही. ती ठरवली धामणगाव रेल्वे या गावच्या जैतुनबीने. ही वृद्ध बाई दोनदा जहाजाने हजला जाऊन आली होती, आणि जहाजातल्या खालच्या बाकाखाली किती जागा असते हे तिने आपल्या हाताची वीत पसरून दाखवले.

"दीड वीत," ती म्हणाली. "वर बोटभरही नको. नाही तं पेटी वाटेत राहते, अन् वाटेतल्या पेटीले सारे लाथा मारतेत."

हे १९९३ साल. उस्मानचा पेट्यांचाच धंदा होता. त्याने बावीस गेजचा पत्रा कातरला, कडा दुमडल्या, कोपऱ्यांना रिव्हेट ठोकले, मला हिरवा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत, एकदा देवनागरीत नि एकदा उर्दूत, बायकोचे नाव लिहिले: कुलसुमबी उस्मान, अकोला. विकायच्या पेट्यांना तो आठ रिव्हेट मारी. मला बारा मारले.

कुलसुमबीला हजला जायचे होते, हे गल्लीला ठाऊक होते. जहाजानेच का जायचे होते, हे घरातल्यांनाच. १९६१ साली तिची आई हज करून परतताना भर समुद्रात तापाने गेली. जून लागला होता, दर्या खवळलेला होता. किनारा दूर होता. नमाज पढून मय्यत पाण्यात सोडावी लागली. या लोकांत माणूस कबरीत उतरवला की प्रत्येक जण तीन मुठी माती घालतो. त्याला मिट्टी देणे म्हणतात. ती दिली की जिवंतांचे काम संपते. कुलसुमबी तेव्हा दहा वर्षांची होती, धाकटी बहीण दोन. आईला मिट्टी कोणीच दिली नव्हती. म्हणून माझ्या पोटात पहिली वस्तू आली ती पातूरच्या आजोळच्या अंगणातली माती, पांढऱ्या रुमालात, दुहेरी गाठ मारून. त्या पाण्यावरून जायचे आणि तीन मुठी सोडायच्या. तिचे मागणे एवढेच होते.

पाण्याला जागा नसते, हे मला मान्य आहे. १९६१चे पाणी तिथे थांबून राहिलेले नाही. पण ठेवलेले सांभाळणे हे माझे काम. त्यामागचा तर्क तपासणे नव्हे. तरीही तपासते. तो माझा दोष आहे.

त्या वर्षी घरात सल्ल्यांचा पूर आला. जैतुनबी चार दिवस मुक्कामाला होती. जागा धरायची ती जहाजाच्या मधोमध, कारण टोके वरखाली होतात आणि पोट ढवळते. बाक खालचाच घ्यायचा. पेटी बाकाच्या पायाला सुंभाने बांधायची, नाहीतर ती आपोआप फिरायला निघते. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून केसांसाठी चण्याचे पीठ न्यायचे. लिंबाची साल वाळवून पदराला बांधायची आणि पाण्याकडे मुळीच पाहायचे नाही. डोळे मिटून पडून राहायचे.

बाळापूरचे हाजी यासीनमियाँ एकदाच जाऊन आलेले, पण त्यांची मते दोनदा जाऊन आल्यासारखी होती. त्यांच्या मते डोळे मिटणे हाच मूर्खपणा. वर जाऊन उभे राहावे आणि जिथे पाणी नि आभाळ टेकते तिथे नजर ठेवावी, मग ओकारी येत नाही. जैतुनबीने विचारले की बाईमाणसाने तीनशे पुरुषांत जाऊन आभाळ पाहायचे का. यासीनमियाँनी उत्तर दिले की ओकण्यापेक्षा बरे. मी दोघांचेही ऐकले. दोघेही अनुभवाने बोलत होते. अनुभवी माणसांचे एकमत मला आजवर आढळलेले नाही.

कुलसुमबी मात्र दोघांचेही शब्द पाठ करी, आणि भाकऱ्या थापताना परवचा म्हणावा तशी स्वतःशी म्हणे.

खरा वाद निघाला तो जाण्याच्या सालावर. १९९४चा हज मे महिन्यात येत होता. म्हणजे परतायचे जूनमध्ये. जैतुनबी गंभीर झाली.

"चांद दरसाल अकरा दिवस मांगं सरकते," ती म्हणाली. "तेहतीस वर्सांनं फिरून तिथंच येते. तुही माय गेली तोच चांद हाये हा, पोरी, अन् तोच दर्या. पाच वर्स थांब. हज मार्चात येईन. मंग पाह्य, पानी कसं ताटातल्यावानी राह्यते."

यासीनमियाँ म्हणाले, "भित्याले दर्या बाराही महिने खवळलेलाच. जहाज हाये तं जावं."

उस्मानचेही मत जाण्याचे होते. पण आई त्याची नव्हती. कुलसुमबीने थांबायचे ठरवले. मी जैतुनबीचे गणित तपासले. त्यात चूक नव्हती. फक्त त्या गणितात जहाज धरलेले नव्हते.

थांबण्याच्या काळात कोणी स्वस्थ नव्हते. कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी पडली, मग पाऊस चुकला, मग पुन्हा अळी. त्याचा आमच्याशी संबंध काय, असे वाटेल. उस्मानच्या पेट्या मुलींच्या आंदणात जात. खेड्यांतली लग्ने पुढे ढकलली जाऊ लागली, तशा माझ्या बहिणी दुकानात एकीवर एक चढत गेल्या. ज्या वर्षी छताला पोचल्या, त्या वर्षी उस्मानने पत्रा आणणे थांबवले आणि बादल्यांना बूड लावू लागला.

थांबण्याच्या तिसऱ्या वर्षी त्याने कुलसुमबीला जायला राजी केले. हज एप्रिलच्या शेवटी होता. पावसाळ्याआधी परतता येणार होते. तो मशिदीतून माहितीचा कागद घेऊन आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "जहाज लिहेल हाये. मुंबईहून जहाज." दोन दिवस घरात सण होता. मला उन्हात ठेवले, आतून पुसले, सुंभ नवा आणला. चण्याचे पीठ दळून आले.

तिसऱ्या सकाळी कुलसुमबीने कागद स्वतः वाचायला घेतला. ती चौथीपर्यंत उर्दू शिकलेली. बोट ठेवून वाची. एका ओळीवर तिचे बोट थांबले.

"आवो," तिने नवऱ्याला विचारले, "निघाची तारीख अन् पोचाची तारीख एकच कशी?"

आमच्याकडे विमानालाही जहाजच म्हणतात. पाण्यातल्या जहाजांची फेरी बंद झाली होती, कायमची. कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक सूचना होती: पत्र्याची पेटी सामानात चालणार नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी एकदमच निरुपयोगी ठरलो.

तिला समजावणारे पुष्कळ आले. हज तर विमानानेही होतो, धर्माने घातलेला फर्ज पुरा होतो, असे सगळे म्हणत, आणि ते खरेच होते. कुलसुमबीने कोणाशी वाद घातला नाही. एवढेच म्हणाली की विमानाची खिडकी उघडत नाही. उस्मान उभ्या आयुष्यात तिला एकदाच टोचून बोलला. म्हणाला, "दर्या शांत व्हाची वाट पाह्यली आपण. दर्या राह्यला. जहाज गेलं." २००२ साली तो छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या कबरीवर सबंध गल्लीने मिट्टी दिली. कुलसुमबी दारात उभी राहून परतणाऱ्यांचे मातीने भरलेले हात मोजत होती.

यासीनमियाँ त्याआधीच गेले होते. जैतुनबी नंतर गेली. जहाजाने गेलेले आता आसपास कोणी उरले नाही. सगळे सल्ले उरले ते एका न गेलेल्या बाईच्या तोंडात.

मग २००७ साली कुलसुमबीच्या धाकट्या बहिणीची मुलगी अमरीन आली. तिच्या नवऱ्याचे, उसामाचे, तिवशाला बी-बियाणे नि फवारणीच्या औषधांचे दुकान. ज्या सालात शेतात काही उगवत नाही, त्या सालात औषधे अधिक खपतात, हे विधान मी त्याच्याच तोंडून ऐकले आहे. सांगितलेला खप पुरा केला म्हणून कंपनी त्याला बायकोसह समुद्रावर नेणार होती: सहलीचे मोठे जहाज, मुंबईहून निघून तीन दिवसांनी परत मुंबईलाच. अमरीन म्हणाली की असल्या जहाजाला क्रूझ म्हणतात, आणि ते कुठे जात नाही, नुसते फिरते.

त्याच धंद्यातले भगवंतराव अशा तीन सहली करून आलेले, आणि त्यांचे सल्ले तिला पाठ होते. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत घुसायचे नाही, पदार्थ शेवटपर्यंत येतच राहतात. चिवडा सोबत न्यायचा, कारण तिसऱ्या दिवशी तिखटासाठी जीव जातो. बाल्कनीची खोली मागून घ्यायची. वातानुकूलनाने नाक गळते, शाल न्यायची.

"अन् खोली मधातली घेजो," कुलसुमबी म्हणाली. "खालच्या मजल्यावरची. टोकाची घेऊ नको."

अमरीन हसली. "खाला, तुमी कवा गेल्या जहाजात?"

कुलसुमबीने उत्तर दिले नाही. तिने माझे झाकण उघडले, रुमाल काढला आणि भाचीच्या हातात ठेवला. माती तिने तोलून तीनच मुठी बांधली होती. सांगितले की हा तोच दर्या आहे, अरबस्तानपर्यंत एकच पाणी. किनारा दिसेनासा झाला की गेलेल्यांसाठीची फातिहा पढायची आणि माती सोडायची. "तुही नानी हाये ते," ती म्हणाली. "मी म्हातारी आता कोनतं जहाज पाहू?"

अमरीनने रुमाल डोळ्यांना लावून पर्समध्ये ठेवला. तेव्हा ती खोटी नव्हती, हे मी नोंदवते.

आठ दिवसांनी ती परत आली. कुलसुमबीने पाण्याचा पेलासुद्धा दिला नाही, आधी विचारले, "मिट्टी देल्ली?"

"देल्ली, खाला."

"तीनदा?"

"तीनदा."

कुलसुमबी खाली बसली. मग उठून चुलीकडे चहा करायला गेली, आणि अमरीन माझ्याजवळ आली. मोबाइलवर ती उसामाशी हळू आवाजात बोलत होती. डेकवर सारे नाचत होते, भगवंतरावांची बायको फोटो काढत होती, माती काढताना लोक काय म्हणतील याची लाज वाटली. मग दर्या उसळला आणि ती खोलीत पडून राहिली. आता ही माती टाकायची कुठे? नालीत तर टाकवत नाही. बोलता बोलता तिने माझे झाकण उचलले आणि रुमाल माझ्यातल्या पांढऱ्या चादरीखाली सारला. कुलसुमबीची दुहेरी गाठ तशीच होती.

त्यानंतर कुलसुमबी बदलली. दुपारची झोपू लागली. लोकांच्या मयतीला जाऊन आली की पूर्वी उपाशीच राही, आता घरी येऊन जेवते. शेजारच्या पार्बताबाईला तिने सांगितले की तिचे काम झाले. मी आयुष्यभर खरे आणि खोटे वेगळे ठेवत आले. या एका ठिकाणी मला ते जमत नाही.

माझा तळ आता सडला आहे, आणि कडी कोयंड्यात गंजून बसली आहे. महिनोन्‌महिने मला कोणी उघडलेले नाही, आणि तेच चांगले होते. पण शब-ए-बारात परवावर आली आहे. या रात्री गेलेल्यांसाठी दुआ मागतात, आणि तिला अंथरायला माझ्यातली पांढरी चादर हवी आहे. आईसाठी या वर्षी पहिल्यांदाच स्वस्थ मनाने पढेन, असे ती सकाळी पार्बताबाईला म्हणाली.

आत्ता ती तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसली आहे. चिंधीने कडीला तेल चोळते आहे. कडी हलू लागली आहे. वाचणाऱ्यांनो, मला तोंड नाही. कोणी तरी बाहेरून तिला हाक मारा.