होणाऱ्या सासूबाईंची कुऱ्हाड

मास्तर गाडी शिकवायचे. रागावले तरी समोरच्याला वाटावं, की हा माणूस आपली विचारपूस करतोय, अशी त्यांची ओरडण्याची पद्धत होती. ज्या मुलीवर त्यांचा जीव जडला तीही त्यांना मास्तरच म्हणे, कारण क्लच सोडायला ती त्यांच्याकडेच शिकली होती.

दोघांचं लग्नाचं ठरलं होतं. राहिली होती फक्त मुलीची आई.

आई दातांच्या डॉक्टर. त्या घरात वाद तोंडानं घालायचा नाही अशी रीत होती. दिवसभर लोकांची तोंडं बघून डॉक्टरांना तोंडांचा वीट आला होता. भांडी कोणी घासायची, पंखा कितीवर ठेवायचा, सुट्टीत डोंगर की समुद्र, सगळ्याचा निकाल बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर लागे. ढाल-तलवारीचा एक व्हिडिओ गेम होता, त्यात तीन डाव खेळायचे, दोन जिंकेल त्याचं खरं. डॉक्टरांना डोंगर आवडत. घरातल्या बाकीच्यांनी समुद्र बघितल्याला जमाना झाला होता.

"मला हरवा आणि खुशाल लग्न करा," डॉक्टर मास्तरांना म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी या."

"आईला डावलून मी लग्न करणार नाही हं," मुलीनं जिन्यात बजावलं. "ती रुसली की दवाखान्यात भुलीचं इंजेक्शन हात आखडून देते. पेशंटांचा तरी विचार कर."

मास्तरांनी पेशंटांचा विचार केला आणि सराव सुरू केला.

शिकवायला मुलीचे वडील बसले. त्यांची सगळी नोकरी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली होती, त्यामुळे घराला आग लागली असती तरी त्यांनी ती तितक्याच शांतपणे जाहीर केली असती. मास्तरांनी आल्या आल्या सगळ्यात दांडगा गडी निवडला. दोन दारांएवढी छाती, हातात कुऱ्हाड. रस्त्यावर ट्रकच्या नादी कोणी लागत नाही, हा त्यामागचा विचार. मुलीनं दोन सुऱ्यांवाली एक किरकोळ पोरगी घेतली आणि बघता बघता ट्रकची सगळी चाकं काढून ठेवली.

"मी एवढा मोठा, आणि हिनं मला मारलं कसं?"

"तुमचा दम संपला," वडील म्हणाले. "खाली ती पिवळी पट्टी दिसते ना, तो दम. प्रत्येक वाराला तो खर्च होतो. पट्टी रिकामी झाली की माणूस नुसता उभा राहून धापा टाकतो. गडी निवडताना नातेवाईक आठवायचे, मास्तर. हा कुऱ्हाडवाला म्हणजे थोरले काका. यायला वेळ लावतात, पण आले की घर हादरतं. सुऱ्यांवाली म्हणजे नणंद. दोन बारीक टोचे मारून लांब. भालेवाला म्हणजे परगावचा मेहुणा. जवळ येत नाही, लांबूनच टोचत राहतो. पण एकदा का तुम्ही त्याच्या अगदी अंगाशी गेलात, की त्याला काही सुचत नाही."

"आणि हा ढालवाला?"

"तो मी. लग्नापासून."

मास्तरांनी ढालवाला घेतला.

मग गाडी खोलात शिरली. वार वरून येतो, डावीकडून येतो, उजवीकडून येतो; ढाल त्याच बाजूला न्यावी लागते. नुसतं ढालीआड दडून बसलं तर समोरचा खुशाल पाय लावून ढकलतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हूल. वरून कुऱ्हाड उगारायची, समोरच्यानं ढाल वर नेली की मधेच हात आवरून बरगडीत घालायची.

"आईची हूल म्हणजे हूल," मुलगी म्हणाली. "'आत्ता नुसतं बघते हं' म्हणते आणि दाढ बाहेर."

मास्तर मात्र हुलीला फसेनात. वडिलांना नवल वाटलं.

"यात काय," मास्तर म्हणाले. "सिग्नल दिला म्हणजे वळेलच असं थोडंच आहे? मी दिव्याकडे बघतच नाही, चाकाकडे बघतो. इथं पायांकडे बघतो. खरा वार असला की पाऊल आधी पडतं."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. समुद्र दिसू लागला होता.

रविवारी डॉक्टर दवाखान्यातला डगला उतरवून, केस वर बांधून सोफ्यावर बसल्या. कुऱ्हाडवाले थोरले काका हा त्यांचाच नेहमीचा गडी. पहिला डाव चहा कपात ओतेपर्यंत संपला. मास्तर ढालीआड दडले, डॉक्टरांनी पाय लावून ढकललं आणि वरून कुऱ्हाड.

"ढालवाल्यांचं मस्तक," वडील जाहीर करते झाले, "धडापासून सुटलेलं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

दुसऱ्या डावात मास्तर सावरले. डॉक्टरांनी एक हूल दिली, मास्तर हलले नाहीत. दुसरी दिली, नाही हलले. "आत्ता नुसतं बघते हं," त्या सवयीनं पुटपुटल्या, तरी मास्तरांची नजर पायांवर. हुलींमध्ये काकांचा दम संपला, पिवळी पट्टी रिकामी झाली, काका गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकू लागले, आणि मास्तरांनी अदबीनं त्यांचा निकाल लावला.

मुलीनं उशी तोंडात धरली.

तिसरा डाव एका दगडी पुलावर होता. पुलाला कठडा नव्हता. मास्तरांचा हात आता चांगलाच बसला होता. डावा वार परतवला, उजवा परतवला, ढालीनं असा धक्का दिला की काका मागे सरकायला लागले. एक पाऊल, आणखी एक. मागे पूल संपला होता. डॉक्टरांचं सगळं लक्ष समोरच्या ढालीवर. मास्तर नुसते हात बांधून उभे राहिले असते, तरी काका खाली पडून लग्न आपोआप झालं असतं.

"ब्रेक, ब्रेक, ब्रेक," मास्तर कळवळले. "डॉक्टर, मागे खड्डा आहे." आणि त्यांचा उजवा पाय असा काही दाबला गेला, की चहाचं टेबल फूटभर पुढं गेलं.

डॉक्टर थबकल्या. काका कडेवर थबकले. मास्तरांची ढाल खाली आली होती. डॉक्टरांनी पुढं पाऊल टाकलं आणि कुऱ्हाड घातली.

मुलीच्या तोंडातली उशी गळून पडली. घोषणा झाली नाही.

"मुद्दाम हरलात?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज दाढ किडलेली सापडल्यावरचा होता.

"नाही हो. पायानं केलं. शेजारचा माणूस न बघता मागे जायला लागला की माझा पाय मला विचारत नाही."

"मी काय शिकाऊ आहे?"

"रिव्हर्समध्ये आहात," मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टर टीव्हीकडे बघत राहिल्या. "मी या पुलावरून नेहमी पडते," त्या सावकाश म्हणाल्या. "इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळते तेव्हा तर हटकून. हे शेजारी बसलेले असतात. पण हे मी पडल्यावर सांगतात."

"गाडी गेल्याशिवाय गेली म्हणता येत नाही," वडील म्हणाले.

"उठा तुम्ही तिथनं. मास्तर, तुम्ही इकडे बसा. जोडीचा खेळ लावते. तुम्ही ढाल घेऊन माझ्या पाठीशी उभे राहा, आणि बोलत राहा."

मास्तर बसले. समोर कुठल्या तरी देशातले दोघे अनोळखी आले, एक भालेवाला, एक सुऱ्यांवाली. "डावीकडून येतेय, येऊ द्या, घाई नाही," मास्तर सांगू लागले. "आता हळूच पुढं. शाब्बास. मागे नको, मागे नको." काका पुलावर असे नाचले, की परगावच्या मेहुण्याला भाला कुठं धरू ते कळेना. जोडी जिंकली. लगेच दुसरी जोडी आली, तीही पडली. डॉक्टर हसत होत्या, तेही दात दाखवून.

"आई," मुलगी म्हणाली, "तो हरला ना? मग आता काय?"

"हरला म्हणजे काय, हरलाच. मधे बोलू नकोस, ते मला मागचं सांगतायत."

"पण लग्न?"

"करा की. असा माणूस बाहेरच्यांना द्यायचा का?"

मुलगी उठून वडिलांजवळ जाऊन बसली. दोघांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. वडिलांनी एका शनिवारावर बोट ठेवलं, मुलीनं मान हलवली.

"शनिवार नको," टीव्हीवरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी आम्ही दोघं खेळतो."