आभाराची बावीस कार्डं

"दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवलास ना, डॉर्कस, तर त्याचे आभार मानायचे. आधी आभार, मग पुढचं पाऊल."

आईचा हा आवाज मला गावच्या हॉलमध्ये, भर चौकशीत, स्पष्ट ऐकू आला. समोरच्या बाजूच्या वकीलबाईंनी टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला होता. झाकण काढून त्यांनी त्यातलं एक कार्ड माझ्यापुढे धरलं.

"मिस पिम, हे अक्षर तुमचं?"

अक्षर माझंच होतं. नाताळचं कार्ड, वर रॉबिन पक्षी, आत निळी शाई. उत्तर देण्याआधी मी हॉलभर नजर फिरवली. मागच्या रांगेत रॉयस टॅरंट हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. ती माझ्या भावानं तोडली.

सारा गाव जमला होता तो एका पायवाटेसाठी. चर्चच्या मागच्या फाटकातून निघायचं, टॅरंटांच्या लांब शेतातून तिरकं जायचं, ओढा ओलांडायचा, टेकडीच्या कडेनं वर चढायचं आणि गिरणीवरून गावात परत यायचं. माझा थोरला भाऊ एमस ही फेरी रोज सकाळी सातला करायचा. तो कौन्सिलच्या नोकरीत रस्त्यांची गटारं उपसायचा, कुंपणाची झुडपं वाकवून विणायचा. निवृत्त झाल्यावरही कोयता कमरेलाच. वाटेवर काटेरी फांदी आली की छाटायची आणि पुढे व्हायचं. मी ओढ्यापर्यंत सोबत जायची. माझा रोजच्या स्तोत्रांचा नेम आहे, तो तेवढ्या चालण्यात पुरा व्हायचा. ओढ्यावर मी "आमेन" म्हटलं की एमस म्हणायचा, "झालं का देवाशी बोलून? आता जरा माझ्याशी बोल." आणि मी परत फिरायची, कारण चर्च झाडायचं असायचं.

थोरले एडमंड टॅरंट होते तोवर कुणी हरकत घेतली नाही. ते वारले आणि त्यांच्या मुलानं, रॉयसनं, फाटकापाशी काटेरी तार ओढली. एमसनं ती पकडीनं तोडली. रॉयसनं परत ओढली. असं तीनदा झालं. चौथ्या सकाळी, मार्चमध्ये, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, रॉयस तारेपलीकडे उभा होता. एका हातात बंदूक, शेजारी खुंट ठोकायची मोगरी.

एमसचा कुत्रा टॅफ दोरीला बांधलेला होता. हे मी बायबलवर हात ठेवून सांगितलं आहे, इथेही सांगते. रॉयस म्हणाला, "तुझं कुत्रं माझ्या मेंढ्यांवर गेलं." आणि त्यानं गोळी झाडली. दोरीचं एक टोक एमसच्या मुठीत राहिलं, दुसऱ्या टोकाला टॅफ गवतात पाय झाडत होता.

त्यानंतर एमसनं कोयता काढला. माझा भाऊ संत नव्हता. त्यानं पहिला घाव घातला तो बंदुकीवरच्या हातावर. बोटं गवतात पडली. रॉयस ओरडला नाही. त्यानं उजव्या हातानं मोगरी उचलली आणि एमसचा गुडघा फोडला. खाली पडल्यावर खुबा. मग जबडा. त्या सकाळी मी मागे चर्चच्या पायऱ्यांवरच होते; जबड्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.

मी धावले. तारेत माझा झगा अडकला, मांडी फाटली. आणि मी काय म्हणत होते? "प्लीज, मिस्टर टॅरंट. प्लीज." इतक्या रक्तात मी प्लीज म्हणत होते.

पोलीस म्हणाले, दोघांच्याही हातात हत्यार होतं, कुणाला धरणार? प्रकरण तिथेच मिटलं. मिटली नाही ती वाट. आमची शेजारीण हेस्टर लव्हरिज हिनं ती वाट सार्वजनिक ठरवावी असा अर्ज केला. नियम साधा होता. वीस वर्षं लोक न लपता, न भांडता आणि कुणाची परवानगी न मागता चालले असतील, तर ती वाट लोकांची. बाकीचे जुने चालणारे थडग्यात गेले होते, नव्यांनी मोटारी घेतल्या होत्या. रोज चालणारं घर उरलं होतं एकच. आमचं.

"मिस पिम?" वकीलबाई म्हणाल्या.

"अक्षर माझं आहे."

"वाचाल का जरा मोठ्यानं?"

मी वाचलं. "यंदाही तुमच्या शेतातून जाऊ दिल्याबद्दल आभारी आहोत. पुढच्या वर्षीही जाऊ द्याल, अशी आशा. डॉर्कस आणि एमस पिम."

"कार्डाबरोबर काय होतं?"

"मनुक्यांचा केक."

कुणीतरी हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत. "अशी बावीस कार्डं आहेत. थोरल्या मिसेस टॅरंटनी सगळी जपून ठेवली. मला एवढंच सांगा, या बावीस वर्षांत कधी एडमंड टॅरंट म्हणाले असते की, आता येऊ नका, तर तुम्ही जायचं थांबला असता का?"

हेस्टर माझ्या मागेच बसली होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. "नाही म्हण," ती कुजबुजली. "डॉर, एकदाच. नाही म्हण गं."

चौकशीचा निकाल देणाऱ्या निरीक्षकसाहेबांनी लेखणी उचलून धरली होती. टेबलावर माझ्या हाताखालचं बायबल अजून तसंच होतं. एमसच्या खुब्यातला पू अजून वाहत होता. टॅफ आमच्या परसात सफरचंदाच्या झाडाखाली पुरलेला होता. एक शब्द, तोही दोनच अक्षरांचा.

"हो," मी म्हटलं. "थांबले असते."

लेखणी कागदावर चालली. आम्ही परवानगीनं चालत होतो, एवढंच; फार लिहावं लागलं नाही.

चौकशी संपल्यावर चहा माझ्याकडे होता, हॉलमधला चहा नेहमी माझ्याकडेच असतो. उकळती किटली हातात घेऊन मी वळले तर समोर रॉयस.

"आईला मी म्हणायचो, कशाला हा कचरा साठवतेस," तो म्हणाला. "तुमचे आभार मानायला हवेत, मिस पिम. एक कप मिळेल?"

किटलीतून वाफ येत होती. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी नंतर देवापुढे कबूल केलं, इथे लिहीत नाही. मी कप भरला.

"साखर किती?" मी विचारलं.

"दोन."

दुपारी मी इस्पितळात गेले. बातमी दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगायला हवी होती. एमसच्या जबड्याची तार काढली होती, पण बोलताना तोंड एका बाजूला ओढायचं. मी सगळं सांगितलं. तो छताकडे बघत राहिला.

"माझं नाव कशाला घातलंस?"

"केक दोघांचा होता ना."

"मी कधी केला केक?"

"मनुके तू निवडायचास."

"मला मनुके आवडत नाहीत, डॉर. कधीच आवडले नाहीत."

"दरवर्षी दोन फोडी खायचास की."

"तू बघत बसायचीस म्हणून."

मग त्यानं पाण्याचा जग उचलला आणि भिंतीवर फेकला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. नर्स आली, काचा गोळा करून गेली. एमस रडत होता. त्याला रडताना मी वडिलांच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं.

"खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला. "त्यानं कुत्रा मारला आपला."

"माहीत आहे."

"मला मोडून ठेवलं."

"माहीत आहे रे."

"आता ती वाट मेली. वर्षभरात काटे चढतील. कुणाच्या ध्यानातही राहणार नाही, इथून माणसं जायची." त्यानं चादरीनं तोंड पुसलं. "मी काही आता चालणार नाही. डॉक्टर सांगत नाही, पण मला कळतं."

"मी चालेन," मी म्हटलं.

"ओढ्यापर्यंत?"

"पुरी फेरी. रोज, सातला. उद्यापासून."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तो मारेल तुला. मोगरी अजून फाटकापाशीच असते."

"मारेल कदाचित."

"वेडी आहेस. एकसष्ट वर्षांची आहेस."

"वचन दिलं, एमस. आता परत घेता येत नाही."

 त्यानं माझा हात घट्ट धरला, इतका की बोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये जाऊन दिवसाचं स्तोत्र वाचलं. मग गुडघे टेकायला प्रत्येकाची एक छोटी भरतकामाची गादी असते, त्यातली माझी उचलली. निळ्या कापडावर पिवळी द्राक्षं, मी स्वतः भरलेली. ती काखेत घेतली आणि मागचं फाटक उघडलं. नव्या तारेवर दव होतं. शेताच्या त्या टोकाला रॉयसच्या गाडीचं इंजिन सुरू झालं आणि आवाज माझ्या दिशेनं वळला.

मी गादी तारेवर आडवी ठेवली, हातानं दाबून काटे रुतू दिले, आणि झगा गोळा करून पाय पलीकडे टाकला.