आत्याच्या पदराला लावलेला माइक

मी कॉलर-माइक बोलतोय. दचकू नका. लोकांनी बोलावं आणि मी मुकाट ऐकावं, हाच आमच्या जातीचा धर्म. पण माझ्या साक्षीने एका भल्या बाईचा विश्वासघात झाला, आणि जिने तो केला तिचं त्यावरच कौतुक झालं. मला त्याचा असा काही राग आलाय की आता गप्प राहवत नाही.

मी असेन अंगठ्याएवढा. पाठीला चिमटा, डोक्यावर लोकरीची टोपी, पोटात बॅटरी. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तो रायपूरच्या गोल बाजारात, एका मोबाइलच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात. शेजारी भांड्यांचं दुकान होतं. दिवसभर घासाघीस आणि ठणठणाट ऐकून माझे कान किटले होते.

एका संध्याकाळी गंधाली तिच्या वडिलांना ओढत तिथे घेऊन आली. अनंतराव नवा रायपूरला सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"फोनमधी आवाज येते ना बेटा, हे अजून काहून पाहिजे?"

"बाबा, क्लिअर नहीं आता. अ‍ॅडमिशनसाठी लागते."

'अ‍ॅडमिशन' म्हटल्यावर आजकालचा कुठला बाप माघारी फिरतो? मी त्यांच्या घरी आलो.

गंधालीची बारावी चालू होती. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि माध्यमं हे तिन्ही एकत्र शिकवणारं एक विद्यापीठ तिने हेरून ठेवलं होतं, पार बाहेरच्या राज्यात. अनंतरावांना वाटे पोरीने कॉमर्स करावं आणि डोळ्यांसमोर राहावं. पण पोरगी हट्टाला पेटली होती. प्रवेशपरीक्षा होती, मुलाखत होती, आणि त्याआधी स्वतः केलेली एक ध्वनिफीत हवी होती. विषय 'माझ्या समाजातली एक गोष्ट'. ती सगळ्यांना ऐकता येईल अशी चॅनलवर टाकायची आणि तिची लिंक पाठवायची. ही ध्वनिफीत बरी झाली तरच पुढचं दार उघडणार होतं.

अभ्यास मात्र ती जीव तोडून करायची, खोटं कशाला बोलू? पुस्तकातले प्रश्न मोठ्याने वाचायची, उत्तरं मला लावून पाठ करायची. एक प्रश्न तर माझ्याही तोंडपाठ झाला होता: कुणाचीही मुलाखत घेताना सर्वांत आधी काय घ्यावं? उत्तर, त्या व्यक्तीची संमती. यात गंधाली कधीही चुकली नाही. परीक्षेतही चुकली नसणार.

ध्वनिफितीसाठी आम्ही खूप वणवण केली. बीरगांवला जाऊन कारखान्यातल्या कामगारांशी बोललो. ते बिचारे मला बघून छाती पुढे काढून सगळं ठीक आहे, सगळं छान आहे एवढंच सांगायचे. कोचिंगच्या सरांनी ऐकून तोंड वाकडं केलं. "सब ठीक है, पर इसमें दर्द नहीं है. कुछ ऐसा लाओ जो आदमी को रोक दे." झालं, तेव्हापासून ही पोरगी घरभर दर्द शोधत फिरू लागली.

दर्द घरातच होता, मागच्या खोलीत, शिवणयंत्राजवळ. अनंतरावांची थोरली बहीण सुशीलाआत्या तिथे बसून पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांची ब्लाउजं शिवायची. लग्न होऊन सासरी गेली आणि काही वर्षांतच भावाकडे परत आली. नवऱ्याने दुसरीशी घर मांडलं होतं. बाहेर विचारलं तर घरचे सांगत, जावईबापू नोकरीमुळे लांब असतात. पुढे पुढे कुणी विचारेनासं झालं. आत्याच्या कपाळाला ठसठशीत कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र असे, आणि पाऱ्यातलं एकही हळदीकुंकू तिच्यावाचून होत नसे. रांगोळी तिची, गौरीची आरास तिची, थट्टामस्करीही तिचीच. गंधालीला मांडीवर घेऊन मराठी बोलायला तिनेच शिकवलं होतं.

थंडीतल्या एका दुपारी गंधालीने मला आत्याच्या पदराला लावलं. "आत्या, हलदी-कुंकू के बारे में बोल ना. पहले कैसा होता था."

"हे काय टोचून राहिली मले? सेफ्टीपिन आहे का पोट्टे?" आत्या हसली, पण खुलून बोलली. कुठल्या बाईने वाणात काय वाटलं, कुणाच्या डाळीत मीठच नव्हतं, सगळं सांगितलं. मला फार मजा आली. मग गंधाली म्हणाली, "झालं आत्या." फोन तिने गादीवर उलटा ठेवला आणि चहा करून आणला.

माझा हिरवा दिवा मात्र चालूच होता. चहाचा कप देताना गंधालीची नजर त्या दिव्यावर पडली. आधी मला वाटलं, आता ही मला बंद करील. पण तिने नजर फिरवली आणि आत्याला तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, "आत्या, फूफाजी की याद आती है कभी?"

आत्याने कप खाली ठेवला. मग हळू आवाजात बोलली, मघाशी हळदीकुंकवाच्या गप्पा सांगताना होता तो हा आवाज नव्हता.

"तो गेला पोरी. कितीक वर्षं झाली. कोण्या बाईचा फोन आला होता. मी कणीक मळून राहिली होती. हात धुतले, तोंड धुतलं, आरशात पाह्यलं, कुंकू होतं तसंच होतं. संध्याकाळी पाऱ्यातल्या विमलाकडे चैत्रगौरीची रांगोळी काढायची होती, गेली अन् काढून आली. कोणाले सांगितलं नाही. ज्यानं जितेपणी मले काही दिलं नाही, त्याच्या मरणाले मी माह्यं कुंकू काहून देऊ? तूच सांग."

मग गंधालीचा हात धरून म्हणाली, "हे कोणाले सांगू नको. तुह्या बाबाले तर बिलकुल नाही."

"हव आत्या. किसी को नहीं."

मी तेव्हा त्या पदरावर होतो. आत्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. एवढ्या वर्षांचं ओझं उतरवून ती जरा हलकी झाली होती, आणि तिचा शब्द न् शब्द त्या उलट्या फोनमध्ये जाऊन बसत होता.

पुढचं काय सांगू? गंधालीने ते बोलणं कापून, मागे संथ संगीत घालून ध्वनिफीत केली. आत्याचं नाव बदललं, गावाचं नाव बदललं आणि स्वतःशीच म्हणाली, "मराठीत आहे. इथे कोण ऐकतं मराठी?" तिच्या मैत्रिणी सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. घरात मराठीत विचारलं तर ही स्वतः बहुतेकदा हिंदीतच उत्तर देणार. मराठीत ठेवलेली गोष्ट म्हणजे रायपुरात कुलपात ठेवलेली गोष्ट, असा तिचा हिशेब.

पोरी, तुला तुझीच माणसं कळली नाहीत, आणि निघालीस समाजशास्त्र शिकायला! इथल्या मराठी बायकांना महिनोन्‌महिने मराठीत नवं काही ऐकायला मिळत नाही. मग एखाद्या उखाण्याची फीत आली तरी महिला मंडळाच्या ग्रुपवर ती दहा जणी दहादा पाठवतात. ही तर अश्रूंनी भरलेली गोष्ट, आणि वर रायपूरची मराठी! दोन वाक्यांत सगळ्यांनी आवाज ओळखला. आत्याकडे साधा बटणांचा फोन. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

चैत्रात विमलाबाईंकडे हळदीकुंकू होतं. आत्याने सकाळीच जाऊन रांगोळी काढली, गौर सजवली. दुपारी विमलाबाईंनी गंधालीला आरासीचा व्हिडिओ करायला सांगितलं, म्हणून मी त्यांच्या पदराला होतो. कैरीची डाळ, पन्हं, ओले हरभरे, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. विमलाबाई करंडा घेऊन आत्यापुढे आल्या.

"सुशीलाताई, मी तुम्हाले कुंकू लावणार म्हणजे लावणार. आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत. तुम्ही काही मनात आणू नका."

आत्या हसतच म्हणाली, "काहून, मले काय झालं?"

तेव्हा कुणीतरी प्रेमाने म्हणालं, "ताई, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. किती रडलो!" आणि खात्री पटावी म्हणून फोनवर ते लावलंच. भरल्या बैठकीत आत्याचा आवाज आत्याला ऐकू आला: 'ज्यानं जितेपणी मले काही दिलं नाही...'

बायका डोळे पुसत होत्या. कुणी तिचा हात धरला, कुणी पाठीवरून हात फिरवला. एकीलाही आपण तिचा अपमान करतोय असं वाटलं नाही, आणि खरंच त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आत्याने ज्या घरात वर्षानुवर्षं बरोबरीने थट्टा केली, त्या घरात आता तिची कीव होत होती. तिने कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं, म्हणाली, "डाळ छान झाली," आणि वाटी खाली ठेवून उठली.

घरी गेल्यावर ती शिवणयंत्राशी बसली. गंधाली दारात उभी राहिली.

"नाव बदललं होतं आत्या. सच में."

"नाव बदललं. गळा कोणाचा होता?"

"पण बघ ना, सगळ्यांनी किती प्रेम..."

"ते पुसून टाक."

गंधाली रडायला लागली. "सोमवारी इंटरव्ह्यू आहे. लिंक नाही उघडली तर सगळं जाईल. त्याच्यानंतर पक्का काढते. आई शप्पथ."

आत्याने एक धागा ओवला आणि शिवायला लागली. त्या क्षणी आत्याच्या अब्रूचा आणि गंधालीच्या प्रवेशाचा तराजू लागला होता, आणि पोरीने आपलंच पारडं जड केलं. मला तिची कीवही आली, पण राग जास्त आला.

संध्याकाळी अनंतरावांपर्यंत गोष्ट पोचली. "ताई, मी सख्खा भाऊ तुझा. मले तरी सांगायचं."

"तुले सांगितलं असतं तर तू तेराव्याचा स्वयंपाक काढला असता," आत्या म्हणाली. अनंतराव तसेच बाहेर जाऊन बसले. त्या दिवसापासून घरात एकमेकांना हाक मारून जेवायला बोलावणं बंद झालं. ज्याला भूक लागेल त्याने वाढून घ्यायचं.

गंधालीला प्रवेश मिळाला. मुलाखतीत तिचं कौतुक झालं. ध्वनिफीत विद्यापीठाने आपल्या पानावर लावली, नव्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून. आता ती काढणं तिच्या हातात राहिलं नाही, असं तिने फोनवर सांगितलं. खरंच राहिलं नसेल. पण ज्या दिवशी हातात होतं, त्या दिवशी तिने काढली का?

जाताना तिने नवा, भारी माइक घेतला. मला टेबलावर टाकून गेली. मला आत्यानेच उचललं. फेकेल असं वाटलं होतं, पण तिने मला शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुडीजवळ ठेवलं. तिथेच मी आजही पडून आहे. आत्या हळदीकुंकवाला जात नाही. बोलावणी येतात, अगदी आग्रहाची येतात, आणि ती पाय दुखतात म्हणते.

दिवाळीत गंधाली घरी आली. वाळली होती. भाऊबिजेच्या दुपारी ती आत्याच्या खोलीत आली, फोन बाहेर ठेवून आली, आणि तिच्या पायाशी बसली. आणि पहिल्यांदाच आत्याच्या बोलीत बोलली.

"आत्या, तिकडे मले झोप येत नाही. तू माह्याशी बोल. काहीही बोल."

आत्याचा चेहरा हलला. माया कुठे जाते हो? तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, बोलायला तोंड उघडलं आणि थांबली. मग आपला पदर काठाकाठाने चाचपला. वाकून गंधालीच्या ओढणीची घडी उलटून पाहिली, कुर्त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. पोरगी हुंदके देत तशीच बसून राहिली, तिने आत्याला पाहू दिलं.

काही सापडलं नाही. तरी आत्या म्हणाली, "चहा ठेवते," आणि उठून गेली.

तुमच्याशी बोलतोय तसं मला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी रायपूरला गेलंच, तर त्या मागच्या खोलीत डोकावा आणि तिला सांगा की मी अजून डब्यातच आहे, माझी बॅटरी कधीच संपली आहे, आणि त्या घरात आता कुणीही चोरून ऐकत नाही.