बेरीज एक

डेगूच्या त्या दवाखान्यात नर्सने माझ्या नवऱ्याच्या हातात एक कागद दिला आणि पेन्सिल. गेल्या महिन्यात लघवीने किती छळलं, याचे सात प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. गुण जितके जास्त, तितका आजार मोठा. ह्यांनी परीक्षेला बसल्यासारखा कागद हाताने झाकला आणि सहा शून्यं काढली. एका ठिकाणी एक. शोभेला!

ग्वाक दाल-सू, वय एकसष्ट. डेगू ते सोल बस चालवतात. साठीनंतर कंपनी दर वर्षी नव्याने ठेवून घेते, नाहीतर नारळ देते. हा कागद कंपनीत जाणार, असं ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सहा महिने जेवताना सूपला हात लावला नव्हता. माझ्या हाताची चव गेली असं समजून मी भांडले, एकदा तर अख्खं पातेलं मोरीत ओतलं. पोटात पाणी जाऊ नये म्हणून हा माणूस कोरडा भात गिळत होता, आणि मला पत्ता नाही. जळलं मेलं माझं लक्षण!

डॉक्टरीणबाईंनी बेरीज केली. "एकच? मग औषध नको. सहा महिन्यांनी या."

"खोटं आहे ते!" मी उठलेच.

"युनहाची आई, गप्प बस." लेकीच्या नावाने हाक मारून ह्यांनी मला दटावलं.

"का म्हणून? रात्रीतून पाच वेळा उठता. भिंतीला डोकं टेकून अर्धा अर्धा तास उभे असता. ते शून्य होय?"

बाईंनी कागद परत ह्यांच्यापुढे ठेवला. "खाली बिनगुणांचा आठवा प्रश्न आहे, तो कोराच आहे, ग्वाकसाहेब. उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं, तर कसं वाटेल?"

हे खाली मान घालून म्हणाले, "गुरुवारी गाडीत सत्तावीस माणसं होती. थांब्यावर पंधरा मिनिटं उभा राहिलो, थेंब आला नाही. गाडी निघाली आणि अशी लागली की बोगद्यात पुढचा ट्रक दिसलाच नाही मला. डोळे उघडे होते, तरी. ब्रेक दाबला तेव्हा हातभर अंतर उरलं होतं. एका आजीचा दात पडला." त्यांनी पेन्सिल उचलली. "उतरताना तिने मला संत्रं दिलं. म्हणाली, बाबा, तुझ्यामुळे वाचलो आम्ही."

चौतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. रडत रडतच त्यांनी सगळे आकडे खोडून नवे लिहिले. बेरीज एकतीस.

"हा कागद कंपनीत कधी पोचेल?" ह्यांनी विचारलं.

"कंपनीत कशाला?" बाई म्हणाल्या. "तो उपचारासाठी असतो. इथून कुठेही जात नाही."

माझ्या जिवात जीव आला. मी ह्यांची बाही धरली. "ऐकलंत ना, अहो? औषध घ्या, बरं वाटेल. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. कुणाला काही सांगू नका."

"उद्या सकाळी साडेसहाची गाडी माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "आपल्या युनहाला बसवशील तिच्यात?"

मी बाही सोडली.