डेअरीपासून तिसरं घर

राजेश्वरी दिवसभर लॅपटॉपवर काय करते, हे साळूबाईंनी आपल्या परीनं समजून घेतलं होतं. "आमची सून मशिनीला शिकविती," असं त्या डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायांना सांगायच्या, आणि सासूबाई फारशा चुकतही नव्हत्या. पुण्याच्या एका कंपनीनं असं साधन बनवलं होतं की ते वापरून एआय एजंट, म्हणजे सांगितलेली कामं आपणहून करणारा प्रोग्राम, माणसासारखा ब्राउझर उघडायचा, बटणं दाबायचा, तिकिटं काढायचा. ते साधन कसं वापरायचं याच्या सूचना राजेश्वरी लिहायची. त्या वाचणार एजंटच. आणि तो लिहिलेलं मुकाट्यानं पाळायचा, जे तिच्या घरात दुसरं कुणीच करत नव्हतं.

सासरच्या गावातून, कोल्हारातून, काम करायची मुभा मात्र अजून पक्की नव्हती. तिच्या सूचना वाचून एजंटनं सरावाच्या साइटवर बसचं तिकीट बिनचूक काढून दाखवलं तर ती इथंच राहणार, नाहीतर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात. नवरा ओंकार साखर कारखान्यात नोकरीला, तो काही पुण्याला हलणार नव्हता. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिला अजिबात जायचं नव्हतं आणि साळूबाईंना तर तिला पाठवायच्या नावानंच धास्ती भरायची.

आणि आज सकाळच्या चाचणीत एजंटनं सीट धरली, गाडीची वेळ बघितली आणि शेवटी "रद्द करा" दाबून मोकळा झाला. वर "काम पूर्ण झालं" असा निरोपही दिला!

"संध्याकाळी पुन्हा चालवू," कंपनीतल्या तिच्या वरिष्ठ आरती मॅडम फोनवर म्हणाल्या. "पण मग जे होईल ते मला वर कळवावं लागेल."

राजेश्वरीनं सूचना पहिल्यापासून वाचल्या. कुठं काही खोट दिसेना. दुपारचं जेवणही तिला गोड लागलं नाही. तेवढ्यात ओट्यावरून साळूबाईंचा आवाज चढला.

"म्या चार दिस पट्ट्याची वाट बघतीय, आन् भावजी, तुमी पायात घालून हिंडताय व्हय!"

शेजारचे भीमाभाऊ फाटकात ओशाळून उभे होते. गुडघ्याला नवाकोरा पट्टा. "वहिनी, टेम्पोवाल्यानं हातात दिला. मला वाटलं लेकानं धाडला."

पट्टा खरं तर राजेश्वरीच्या सासऱ्यांसाठी मागवलेला. तिनं विचारलं, "आत्या, मेडिकलवाल्याला पत्ता काय सांगितला होता?"

"काय सांगनार? डेअरीपासून तिसरं घर."

"आणि मामांचं नाव?"

साळूबाईंनी पदर सारखा केला. "नाव कशाला घ्यायचं? आमच्या घरातल्यांचा हाय म्हनलं."

दिवाळीनंतर गावातल्या वाल्मिकनं डेअरीला लागून घर बांधलं, तेव्हापासून तिसरं घर भीमाभाऊंचं झालं होतं आणि यांचं चौथं. टेम्पोवाल्यानं बिचाऱ्यानं घरं अगदी बरोबर मोजली होती.

राजेश्वरीला हसू फुटलं. हसता हसता ती एकदम उठली आणि लॅपटॉपकडे धावली. तिच्या सूचनांमध्ये उदाहरण काय होतं? वरून तिसरं बटण दाबा! तिनं लिहिलं तेव्हा तिसरं बटण "निश्चित करा" हेच होतं. सरावाची साइट उघडून बघितली तर आरती मॅडमच्या लोकांनी चाचणीसाठी मुद्दाम सगळ्यात वर "सवलत पाहा" घुसडलं, आणि तिसऱ्या जागी "रद्द करा" येऊन बसलं. सासूला हसायला निघाली होती शहाणी!

तिनं सगळी उदाहरणं नव्यानं लिहिली. बटणं मोजू नका. बटणावरचं नाव वाचा आणि त्या नावाचंच दाबा. एका नावाची दोन दिसली तर थांबा, विचारा. दाबल्यावर काय झालं ते पानावर बघा, मगच काम झालं म्हणा.

संध्याकाळी साळूबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. पडद्यावर पानं उघडली, मिटली. "सवलत पाहा" तसंच राहिलं, "रद्द करा" तसंच राहिलं, आणि "निश्चित करा" दाबलं गेलं. तिकीट आलं. एजंटनं ते नीट बघितलं आणि मग निरोप दिला.

"छान लिहिलंस गं," आरती मॅडम फोनवर म्हणाल्या. "राहा आता तिकडेच."

साळूबाईंना त्यातलं "राहा" तेवढं पुरलं. त्या तशाच फाटकाकडे पळाल्या. सासरे पट्टा बांधून, दुधाची किटली घेऊन डेअरीपाशी पोचले होते.

"अहो! ऐकलं का!"

डेअरीवरच्या चार पुरुषांनी वळून बघितलं, भीमाभाऊंनीसुद्धा. सासऱ्यांनी मात्र नाही.

"अहो, आमच्या घरातले!"

आता तर कुणीच बघेना. साळूबाईंनी मागं वळून सुनेकडे बघितलं, पदर दातात धरला, सोडला आणि छातीभर श्वास घेतला.

"अहो सहादेवराव! सून हितंच ऱ्हानार हाय!"

लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. सहादेवरावांनी किटली खाली ठेवली आणि कानाला हात लावला.

"काय म्हनलीस?"

ऐकू त्यांना स्वच्छ आलं होतं.