आधी रेघ

माझ्या लेकीला, प्रेरणाला, टॉन्सिलचा त्रास. गार काही द्याल तर ऑपरेशनच करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे तिच्या फ्रॉकवर वाळलेली मलई दिसली की मी आधी तिचा घसा बघते. त्या आठवड्यात मलई दोनदा दिसली.

माझे सासरे, मधुकरराव – मी त्यांना मामाजी म्हणते – भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. जुने मोडी कागद वाचून घ्यायला देवळीतले लोक अजूनही त्यांच्याकडे येतात. आठ वर्षांच्या नातीला त्यांनी बोरूनं मोडी शिकवली, तेव्हा कौतुक मीच केलं होतं! आता दोघं मोडीत चिठ्ठ्या लिहून शिलाई मशीनच्या खणात ठेवत, आणि माझ्यादेखत वाचून हसत. मला अक्षर कळत नव्हतं.

मग मीही शिकले. महिनाभर, भाजी निवडता निवडता, मोबाइलवर. वाचता आलेली पहिली चिठ्ठी: ‘पाच वाजता. बस स्टँड. कुल्फी. आईले सांगू नको.’

ओरडले नाही. मामाजींचाच बोरू घेतला, त्यांचंच पेशवेकालीन तिरकं वळण गिरवलं आणि चिठ्ठी बदलली: ‘कुल्फीवाला गावाले गेला. घरीच राह्यजो. काढा पेजो.’

शाळेतून आल्या आल्या तिनं खण उघडला. मी पोळ्या लाटत होते, कान तिकडे.

“आबाजी, हे तुमी लिवलं?”

“काऊन?”

“रेघ पाहा ना, तुकडे तुकडे हायेत. अक्षरं आधी लिवली, मंग डोक्यावर रेघ मारली. शाळेतल्यावानी!”

माझं लाटणं थांबलं. मोडीत आधी कागदभर अखंड रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. मी पहिलीत शिकले तशी, शब्द संपला की रेघ ओढत गेले होते.

“चोर शिकून राह्यला वाटते,” मामाजी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. “वळण बरं हाय त्याचं.”

“त्याचं का तिचं?” प्रेरणा खिदळली, आणि हसता हसता खोकली. खोकत सुटली. मी धावत आले, तर मामाजींचा हात आधीच तिच्या पाठीवर होता. त्यांचं हसू पार गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खणात चिठ्ठी माझ्या नावाची. वर एकच सरळ, लांब रेघ. ‘सूनबाई, आधी रेघ, मग धाक. खोकला जाईपर्यंत कुल्फी बंद.’

खाली प्रेरणाची डुगडुगती अक्षरं: ‘मंग काढा पण बंद.’

मी बोरू उचलला. या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढली, आणि तिला दोनच शब्द टांगले: ‘काढा दोनदा.’